‘तिसरी पाळी’ची कॅसेट

आई,

तुझी ती कॅसेट सापडली. लोखंडी पेटीत, तुझ्या नर्सिंगच्या प्रमाणपत्रांखाली, सुयांच्या एका रिकाम्या खोक्यात होती. वर तुझ्या अक्षरात ‘जयंतीची गाणी, भाग दोन’ असं लिहिलेलं, ते एका रेघेनं खोडलेलं, आणि खाली ‘पोरीचा कार्यक्रम’. तू जाऊन चौदा वर्षं झाली. तेवढ्या काळात ती पेटी मी दोन-तीनदा तरी उघडली असेल, पण त्या खोक्यात सुयाच असतील असं धरून चालले होते. या वेळी मुद्दाम शोधायलाच बसले, कारण कॅसेट मागणारं कुणीतरी आलं आहे. आणि शोधताना ती सापडू नये असं सारखं वाटत होतं.

मागणारी पुण्याची एक मुलगी आहे, पंचविशीची. कुठंकुठं थोडे दिवस वाजवून बंद पडलेल्या पंक बँडांची जुनी रेकॉर्डिंग ती गोळा करते आणि इंटरनेटवर सगळ्यांना ऐकायला ठेवते. आमची गिटारवाली तुला आठवत असेल, रेल्वे कॉलनीतली, तुझ्या हातचं आंबट वरण दोन वाट्या प्यायची ती. ती आता भिलाईला शाळेत शिकवते. या मुलीशी तिची ओळख झाली आणि ती बोलून गेली, की रायपूरला आम्हा तिघांचा एक बँड होता, सात महिने टिकला, लोकांसमोर एकदाच वाजवलं, आणि ते एकदाचं वाजवणं गाणाऱ्या पोरीच्या आईनं टेप केलं होतं. झालं. तेव्हापासून त्या मुलीचे मेसेज सुरू झाले. ‘ताई, मिळाली का?’ ‘ताई, टेपला बुरशी तर नाही ना?’ चांगली आहे ग ती, मनापासून विचारते. पण ऑफिसात टेबलावर फोन थरथरला की मी तो पालथा करून ठेवायची. तिला खोटंच सांगून टाकावं, हरवली म्हणून, असं मी तीन वेळा ठरवलं आणि तिन्ही वेळा ‘शोधते आहे’ असं लिहिलं.

बँडचं नाव ‘तिसरी पाळी’. ते ऐकून तू हातातलं सूप खाली ठेवलं होतंस. ‘नाव ठेवाले दुसरं काही भेटलं नाही तुमाले?’ आम्ही म्हटलं, अगं मिलमधली पाळी, रात्रपाळी. तू म्हणालीस, ‘मले शिकवू नका. मी नर्स आहे.’ आणि मग हसलीस. पंक म्हणजे काय हे तुला कधी नीट सांगता आलं नाही. तू शाळेतलं मराठी विसरली नव्हतीस. ‘पंक म्हणजे चिखल ना वो? पंकजातला?’ असं विचारलंस, आणि आमचा ढोलकरी, जो लग्नांत धुमाल पार्टीत वाजवायचा, तो म्हणाला, ‘हव चाची, वही. कीचड़.’ आम्हाला गिटारचे तीनच कॉर्ड येत होते आणि पंकला तेवढे पुरतात असं गिटारवालीनं कुठंतरी वाचलं होतं. मी गायची, म्हणजे ओरडायची. वीस वर्षांची होते. शेजारी पत्र्यावर दगड मारत.

गाणी कुठून आली ते तुला ठाऊक आहे. तू चार-सव्वाचारला उरल्याहून, मिलच्या दवाखान्यातून यायचीस. आधी कोपरापर्यंत हात धुवायचीस, मग चहा टाकायचीस, मग तांदळाचं सूप घेऊन स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी बसायचीस. मी ओट्याला टेकून उभी. भांड्यांवरची झाकणंसुद्धा काळी व्हायची, इतकी धूळ त्या दिवसांत. आणि तांदूळ निवडता निवडता तू दिवसभराचं सांगायचीस. आज एकाच्या पायावर तापलेली सळई आली. आज एकाचा डोळा. तू रजिस्टर उघडायला गेलीस की ऑफिसातून फोन यायचा. त्या साहेबाची तू नक्कल करायचीस, मान वाकडी करून: ‘सिस्टर, धो दो, बाँध दो, नाम मत लिखो.’ तुला ते कुणाला तरी सांगायला हवं होतं, आणि घरात मीच होते. बाबा तेव्हा नव्हतेच. मी गाण्याचा मुखडा तोच केला, एक शब्द न बदलता. धो दो, बाँध दो, नाम मत लिखो. तुला दाखवला नाही.

मग तो माणूस आला, कातरयंत्रात उजवा पंजा गेलेला. त्या दिवशी तू तांदूळ घेऊन बसली नाहीस. चहासुद्धा टाकला नाहीस. म्हणालीस, ‘त्याच्याकडून लिहून घेतलं वो, का हात ड्युटीवर नाही गेला. डाव्या हाताचा अंगठा लावला त्यानं. सही येते त्याले, पण उजव्या हातानं.’ त्याचं नाव तू तेव्हा एकदाच घेतलंस, आणि लगेच म्हणालीस, ‘हे कोणाले सांगू नको.’ मी म्हटलं, नाही सांगणार.

जयंतीनंतरच्या रविवारी विहाराच्या बाजूच्या सभागृहात तरुणांचा कार्यक्रम होता, संध्याकाळी पाच वाजता. एक नाच आणि एक भाषण यांच्या मध्ये आम्हाला पंधरा मिनिटं मिळाली होती. तू पांढरी साडी नेसून तिसऱ्या रांगेत बसलीस, मांडीवर टेपरेकॉर्डर. कॅसेटच्या वरच्या भोकांवर तू चिकटपट्टी लावून आणली होतीस, पुन्हा टेप करता यावं म्हणून, आणि दोन बटणं एकदम दाबताना तुझी जीभ ओठांत धरलेली मला स्टेजवरून दिसली होती. दोन गाणी झाली. तिसऱ्याच्या आधी मी माइकवर बोलले. त्या माणसाचं पूर्ण नाव घेतलं, मिलचं नाव घेतलं, आणि म्हटलं की याचा पंजा कुठं गेला ते रजिस्टरात नाही, म्हणून आम्ही गाण्यात लिहितोय.

तू सोमवारी कामावर गेलीस, मंगळवारी गेलीस. बुधवारी दुपारी बारालाच परत आलीस. हातात डबा आणि खांद्यावर पांढरा कोट. मी विचारलं, लवकर सुटली का? तू म्हणालीस, ‘सोडली. पाय दुखतात.’ पायांचं मला खरं वाटलं नाही आणि मी पुढे विचारलंही नाही. त्या संध्याकाळी तू भाताचं पातेलं घासत होतीस. ते घासून झालेलं होतं तरी घासत होतीस. पाठमोरीच म्हणालीस, ‘गाण्यात माझं नाव नव्हतं, पण तोंड माझंच होतं. पुढच्या वेळी दुसऱ्याची जखम दाखवाची असन, तर पहिले त्याले विचारजो.’ तेवढंच. पुन्हा कधी तो विषय काढला नाहीस. महिन्याभरात आमचा बँड मोडला. ढोलकऱ्याला लग्नसराई लागली असं आम्ही सगळ्यांना सांगितलं. तू पुढं घरोघर इंजेक्शनं देत, पट्ट्या बदलत फिरलीस, अगदी दुखणाईत होईपर्यंत. त्या माणसाचं काय झालं हे मी कधी कुणाला विचारलं नाही. माझ्यामुळं त्याची नोकरी गेली असेल, हे मी मनात इतकं पक्कं धरलं होतं की बीरगांवच्या बाजारात उजवा हात खिशात घातलेला माणूस दिसला तरी मी रस्ता बदलायची.

कॅसेट मिळाल्यावर चार दिवस ती तशीच पर्समध्ये होती. ऊन लागेल, चुंबक लागेल, बसमध्ये पर्स मारली जाईल, सगळ्या भीत्या झाल्या. मग पंडरीला कपड्याच्या दुकानांमागं एक म्हातारे रेडिओ दुरुस्त करणारे बसतात, त्यांच्याकडे नेली. त्यांनी पट्टा बदलून जुना डेक चालवला आणि पेन ड्राइव्हवर उतरवून दिली. उतरवताना मी बाहेर उभी राहिले. दुसऱ्या दिवशी पुन्हा गेले, त्यांच्या कॉम्प्युटरमध्ये एक प्रत राहिली असेल म्हणून. त्यांनी माझ्यासमोर पुसून दाखवली. म्हणाले, ‘ऐसा क्या है बेटा इसमें? चिल्लाना ही तो है.’

ऐकायला मला रविवार उजाडला. गच्चीवर, कानात इअरफोन घालून. आधी खुर्च्यांचा आवाज, मग माइकची शिट्टी. ढोलकरी इतका वेगात सुटलाय की गिटारवाली मागं पडते आणि मग रागानं गाठते. कुणीतरी म्हणतं, ‘ये लड़की को हुआ क्या है?’ आम्ही वाईट होतो, आई. पण खोटे नव्हतो. मी हसतसुद्धा होते गच्चीवर. आणि तिसऱ्या गाण्याच्या आधी, माइकवर मी बोलत असताना, अगदी कानाजवळ तू आलीस. हळू, दबलेल्या आवाजात, रेकॉर्डरवर वाकून बोलल्यासारखी: ‘नाव नको घेऊ वो. बाई, नाव नको.’ आणि त्याच क्षणी, तुझ्या शब्दांवरून, लांबून माझा आवाज ते नाव घेतो.

तुझे फोटो आहेत, कोट आहे, चष्मा आहे. आवाज कुठंच नव्हता. चौदा वर्षांत तो कसा होता हे मला आठवेनासं झालं होतं. नुसते शब्द आठवायचे, माझ्याच आवाजात. मी तो तुकडा किती वेळा ऐकला ते सांगत नाही. खाली लेक जेवायला हाका मारत होती.

गिटारवालीला फोन केला. तिला म्हटलं, त्याचं नाव आहे त्यात, मिलचं नाव आहे, हे असं पाठवता येणार नाही. ती म्हणाली, ‘अरे यार, कोण ओळखतंय आता? आपलं एवढंच तर आहे. पाठव ना.’ मी म्हटलं, त्याला विचारते आधी. ती म्हणाली, ‘आणि नाही म्हणाला तर?’ तेच तर. तो नाही म्हणेल ही भीती होती, आणि तो मला काय काय म्हणेल ही त्याहून मोठी.

विहारातल्या जुन्या लोकांना विचारलं तर लगेच कळलं. तो बीरगांवातच आहे, पाण्याच्या टाकीमागच्या पाऱ्यात, जुन्या मोहल्ल्यात. इतकी वर्षं, माझ्या माहेरापासून पंधरा मिनिटांवर. मागच्या रविवारी अकरा वाजता गेले. उरल्याच्या वळणावर ट्रकमागं अडकले तेव्हा स्कूटी फिरवून परतही निघाले होते. पेट्रोल पंपापर्यंत येऊन पुन्हा वळले. दारात त्याची बायको तिवऱ्याची भाजी खुडत बसली होती. मी म्हटलं, मी दवाखान्यातल्या सिस्टरबाईंची मुलगी. तिनं आत हाक मारली आणि तो बाहेर आला. केस पांढरे, शर्ट इस्त्रीचा, उजवी बाही खाली सोडलेली.

‘हव, ओळखलं मी,’ तो म्हणाला. ‘तोंड बाईवरच गेलं तुमचं. बसा ना ताई.’

मी बसले आणि सगळं एका दमात सांगितलं. कॅसेट, पुण्याची मुलगी, इंटरनेट म्हणजे कुणीही ऐकेल, त्याचं नाव. माफी मागायची होती ती मधेच कुठंतरी घुसली, त्यालाही कळली नसेल. तो म्हणाला, ‘ऐकवा तं पहिले.’ मी इअरफोन दिला. त्यानं तो डाव्या हातानं कानात घातला. त्याचं नाव आलं तेव्हा त्यानं बोटानं खूण केली, मागं घ्या. पुन्हा ऐकलं. पुन्हा मागं.

‘ह्या बाई बोलून राहिल्या ना?’

‘हो.’

‘तुमाले माहीत आहे का, ऑफिसात काय झालं होतं ते?’

मी म्हटलं, आईनं सांगितलं पाय दुखतात म्हणून सोडली.

त्यानं बायकोकडे पाहिलं. मग तो बोलला, आणि मी त्याचेच शब्द लिहिते. ‘बुधवारी मले बोलावलं साहेबानं. म्हणे, तूच सांगितलं त्या पोट्टीले. मी म्हटलं, साहेब, मी तिले ओळखतही नाही. मानूनच नाही राहिले. तेव्हा मले गेटवर बसवलं होतं, महिना झाला होता फक्त. म्हणे, सही कर अन् जा घरी. तेवढ्यात बाई आल्या. कोणी बोलावलं नव्हतं त्यांना. उभ्या उभ्याच म्हणाल्या, इसने कुछ नहीं बताया, मैंने बताया है. गाना भी मैंने ही लिखवाया है. साहेब म्हणे, सोच लो सिस्टर. त्या म्हणाल्या, सोचके ही आई हूँ.’

तू लिहवून घेतलं होतंस म्हणे. तू, जिला मी गाणं दाखवलंही नव्हतं.

‘रिटायर झालो तोवर मी गेटवरच होतो,’ तो म्हणाला. ‘बाई त्याच्यानंतरही इथं येत, पट्टी बदलाले. मी म्हटलं, बाई, पोरीले सांगू का? तं म्हणे, नको, तिचा जीव आधीच थोडा आहे.’

त्याच्या बायकोनं न विचारता पाणी आणून दिलं आणि मी ते एका घोटात प्यायले. मग मी विचारलं, ज्यासाठी आले होते ते. नाव राहू द्यायचं का? बायकोच बोलली, भाजीतून डोळे न काढता. ‘पोरगा तिथंच आहे, ताई. त्याच मिलमधे.’

‘मी अंगठा दिला होता,’ तो म्हणाला, ‘का हात ड्युटीवर नाही गेला. पोरगं त्याच शब्दावर लागलं तिथं. नाव काढून टाका. गाणं राहू द्या.’ आणि थोड्या वेळानं, ‘गाणं खरं आहे.’

नाव काढायला बसले तेव्हा कळलं की ते एकटं निघत नाही. तुझं बोलणं आणि माझं बोलणं एकमेकांवर आहे. तुझा आवाज ठेवला तर त्याच्याखाली नाव ऐकू येतं, अगदी स्पष्ट. नाव काढलं तर तुझा आवाज जातो. मी दोन दुपारी रजा टाकून फोनवर ते कापत बसले. पुढून, मागून, हळू करून. शेवटी चार सेकंद कोरे केले, त्याचं आणि मिलचं नाव दोन्ही. मूळ कॅसेट माझ्याकडेच ठेवली आहे, तुझ्याच खोक्यात. पण लोक जी ऐकतील तिच्यात तू नाहीस.

पुण्याच्या मुलीनं आधी नकार दिला. ‘ताई, आम्ही काटछाट केलेलं ठेवत नाही. जसंच्या तसं पाहिजे.’ मी लिहिलं, मग मिळणार नाही. पाठवा दाबलं आणि फोन पर्समध्ये टाकला. दोन दिवस तिचा काही मेसेज नव्हता, आणि आधी ज्या फोनची धास्ती वाटायची तो आता वाजत नाही म्हणून धास्ती. तिसऱ्या दिवशी तिचं उत्तर आलं, बरं, तशीच द्या. मी दिली.

आता ती आहे तिथं, कुणालाही ऐकता येते. गिटारवाली रडली म्हणे. लेकीनं ऐकलं आणि म्हणाली, ‘मम्मी, आप इतना चिल्लाती थीं?’ खाली लोकांनी काहीबाही लिहिलंय, चांगलंच लिहिलंय बहुतेकांनी. एकानं लिहिलं आहे की तिसऱ्या गाण्याच्या आधी टेप खराब झालेली दिसते, चार सेकंद आवाजच नाही. मी उत्तर दिलं नाही. रोज सकाळी उघडून बघते, ते नाव कुणाला कुठून कळलं तर नाही ना, आणि बंद करते. हे किती दिवस चालेल माहीत नाही.

हे पत्र कुणाला दाखवणार नाही, लेकीलासुद्धा नाही, कारण त्या माणसापासून मी एक गोष्ट लपवून आले. निघताना तो मला रस्त्यापर्यंत सोडायला आला होता. मला बरं वाटावं म्हणूनच म्हणाला असेल, ‘एवढ्या गोंगाटात बाईचं तुमाले ऐकू तं नसनच आलं.’ मी म्हटलं, नाही, नाही आलं. आई, ऐकू आलं नव्हतं हे खरं. पण तू हात वर करून नको, नको करत होतीस, ते मला दिसत होतं. तू घाबरलीस असं मला वाटलं, आणि तुझ्याकडे बघत मी ते नाव घेतलं.